कारभाऱ्यांच्या डोळ्यातले ठिपके पुसले गेले, त्याची हकीकत

श्री. ज्याने माणसास डोळे दोन दिले आणि त्यांवर पापण्यांचे पहारे बसविले, त्यास आधी नमस्कार. त्याउपरी चौथीच्या वर्गाचे समस्त बाळगोपाळ यांची आज्ञा जाहली जे, 'आमच्या आजोबांस रोग साखरेचा, मग दवाखान्यात औषध डोळ्यांत का घालितात, आणि घरी आल्यावर आजोबा दुपारभर काळा चष्मा लावून वर्तमानपत्र हातभर लांब का धरितात, हे यथास्थित लिहून द्यावे.' आज्ञा शिरी धरून, ऐकिले पाहिले तैसे लिहितो. मध्ये कोणी पेंगेल त्याने उठून पाणी पिऊन यावे, बखर थांबून राहील.

शके १९१५, श्रीमुखनाम संवत्सर. ते समयी एक राज्य होते. नाव पुसू नये, पुसल्यास तेथील लोक आधी रागावतील आणि मग जेवायला घालतील. त्या राज्यात दुःखाचे प्रसंगी गोड करीत, सुखाचे प्रसंगी दोन गोड करीत, आणि काहीच प्रसंग नसला तर प्रसंग नाही म्हणोन शिरा करीत. येणेप्रमाणे चालता चालता साखर ताटातून रक्तात उतरली आणि तेथे घर करून राहिली. लोक बेफिकीर होते, कारण साखर दुखत नाही. राज्याचे सरकार, म्हणजे खुद्द राजे, वृद्ध होऊन देवाधर्मात रमले होते, आणि सर्व कारभार त्रिंबकराव मोहोळकर पाहत. त्यांस सर्व लोक रावसाहेब म्हणत. बांधा भरदार, आवाज मोठा, न्याय चोख, साखर त्यांच्याही रक्तात, आणि फोटो काढून घेण्याची हौस बहुत. दरबारच्या भिंतीवर मागील सात कारभाऱ्यांच्या तसबिरी होत्या, आठवी जागा त्यांनी आपल्यासाठी खिळा मारून ठेविली होती.

त्या राज्यात डॉक्टर रेणुकाबाई हुदलीकर म्हणोन विदुषी होत्या. त्यांचे मामा शिंपी. मामांस साखरेचा रोग, आणि सुईत दोरा ओवता येईना तोवर मामा म्हणत राहिले, 'मला काही नाही, दोराच हल्ली जाड येतो.' मग एके दिवशी सुईही दिसेना आणि मशीनही दिसेना. तेव्हा रेणुकाबाई बारा वर्षांच्या होत्या. त्या दिवसापासून त्यांनी मनाशी धरिले जे, हा रोग डोळ्यात कोणत्या वाटेने येतो ती वाट शोधावी. मग वैद्यकी शिकल्या, परमुलखात जाऊन सात वर्षे डोळ्याचा आतला पडदा एवढाच एक विषय केला, आणि परत येऊन सरकारी नेत्रशाळेत दाखल जाहल्या.

आता पडदा कोणता, ते आधी समजून घ्यावे. डोळ्याच्या मागील भिंतीस आतून एक पातळ अस्तर आहे, कांद्याच्या पापुद्र्यासारखे नाजूक. बाहेरचे सर्व जग, म्हणजे झाड, शाळा, गुरुजी, त्या अस्तरावर उलटे येऊन पडते, आणि मेंदू त्यास सुलटे करून घेतो, म्हणोन गुरुजी तुम्हांस पायांवर उभे दिसतात. त्या पडद्याच्या मधोमध एक लहानशी जागा आहे, तीस राजधानी म्हणावे, कारण वाचणे, ओवणे, चेहरा ओळखणे हे सर्व तेथेच घडते. आणि पडद्यास पोसणारे रक्ताचे पाट केसाहून बारीक. रक्तात साखर वर्षानुवर्षे राहिली म्हणजे पाटांचे बांध पोचट होतात, जागोजाग फुगतात, आणि झिरपू लागतात. रक्त झिरपले तेथे लाल ठिपका, चरबी साचली तेथे पिवळा ठिपका. हे सर्व चालू असता डोळा दुखत नाही, लाल होत नाही, पाणी येत नाही. माणूस म्हणतो, मला दिसते की. आणि ठिपके एकेक पाऊल राजधानीकडे सरकत असतात.

हे ठिपके वेळीच सापडले तर प्रकाशाच्या बारीक किरणाने, ज्यास लेझर म्हणतात, झिरपणारी जागा बंद करिता येते आणि नजर वाचते. उशीर जाहला तर गेलेली नजर परत येत नाही. म्हणोन रेणुकाबाईंनी सरकारात अर्ज केला जे, राज्यातील साखरेचे आठशे रोगी घेऊन त्यांच्या पडद्यांचे फोटो काढावे, दर वर्षी पुन्हा काढावे, म्हणजे शत्रू कोठून निघतो आणि किती दिवसांत कोठे पोचतो ते कळेल. रावसाहेबांनी फोटो हा शब्द वाचिला आणि तत्काळ मंजुरी दिली. परदेशी कॅमेरा आला. तो बाहुलीतून आत हिरवा उजेड टाकी आणि काळ्यापांढऱ्या फिल्मवर पडद्याचे चित्र उतरवी, त्यात रक्ताचे ठिपके काळे दिसत आणि चरबीचे पांढरे.

कॅमेरा आला, पण चालविणारा कोण. तेव्हा बाजारपेठेतील गवंडे फोटो स्टुडिओचे मालक दत्तोबा गवंडे यांस बोलाविले. दत्तोबांनी तीस वर्षे राज्यातील झाडून सर्व लग्ने काढिली होती. हात असा स्थिर की चालत्या बैलगाडीत बसून नखे कापीत. पहिले आठ दिवस जो रोगी कॅमेऱ्यासमोर बसे त्यास ते सवयीने म्हणत, 'जरा हसा,' आणि रोगी हसे, आणि हसला की डोळे बारीक होत, आणि फोटोत पापण्यांचे केस येत. रेणुकाबाईंनी समजाविले की, 'दत्तोबा, इथे कुणी हसायचं नाही.' दत्तोबा म्हणाले, 'बाई, न हसता फोटो काढायचा म्हणजे मयताचा.' तरी मान्य केले. मग काम असे झपाट्याने चालिले की दोन वर्षांत आठशे माणसांचे सोळाशे डोळे दोन दोन वेळा काढून जाहले.

येथे शास्त्राची एक रीत सांगितली पाहिजे, कारण पुढील सर्व घोटाळा तिच्याच आडून जाहला. रीत ऐसी जे, फोटो तपासणाऱ्यास तो कोणाचा ते कळू देऊ नये. कळले तर मन आधीच कौल देते, तुमच्या पेपरावर तुमचे नाव पाहून गुरुजींचे देते तैसे. म्हणोन दत्तोबा फोटो काढीत, धूत, छापीत, मागे नुसता आकडा घालीत, आणि रेणुकाबाई आकड्यांच्या फोटोंतील ठिपके भिंगाखाली मोजीत. रोगी त्यांनी डोळ्यांनी पाहिलाच नाही. पक्षपात शिरू नये म्हणोन त्यांनी पुढचे दार ऐसे घट्ट लाविले, आणि मागले दार, म्हणजे दत्तोबांची अंधारी खोली, तिची कडी कोणी पाहिलीच नाही.

शके १९१७, युवानाम संवत्सरी मोजणी पुरी जाहली, आकडे उलगडले, नावे लागली, आणि रेणुकाबाई चकित जाहल्या. मजुरांच्या पडद्यावर ठिपके बहुत. कारकुनांच्या पडद्यावर थोडे, तेही बारीक. पाटील, मानकरी, सरदार यांचे पडदे धुतल्या तांदळासारखे. आणि खुद्द रावसाहेबांचे पडदे असे स्वच्छ की पुस्तकात छापावे. पुन्हा मोजिले, पुन्हा तेच. मग त्यांनी निबंध लिहिला जे, या राज्यात पद जितके थोर तितका पडदा निर्मळ. कारण काय, तेही लिहिणे भाग, म्हणोन लिहिले जे, बहुधा साजूक तूप आणि दुपारची निवांत झोप यांचा गुण असावा. पुढे त्या स्वतःच सांगत, की आयुष्यात पुष्कळ चुकले, पण त्या तुपाच्या ओळीची जितकी लाज वाटते तितकी कशाची नाही.

निबंध दरबारात वाचिला तेव्हा मानकऱ्यांस जो आनंद जाहला तो लिहिता पुरवत नाही. एक सरदार म्हणाले, 'आम्हांला हे आधीपासून वाटतच होतं, फक्त शास्त्राने म्हणायचं राहिलं होतं.' रावसाहेबांनी बाईंस भरजरी शाल पांघरिली आणि तेथेच हुकूम काढिला जे, मानकऱ्यांच्या डोळ्यांची तपासणी यापुढे माफ, कॅमेरा फक्त खालच्या लोकांसाठी चालवावा. हुकुमाने एकसष्ट मानकरी तपासणीतून सुटले, आणि सर्वांनी त्या आनंदात बासुंदी केली.

पुढे वर्ष गेले. शके १९१८. एके सकाळी रावसाहेबांच्या पत्नी भागीरथीबाई, ज्यांस माईसाहेब म्हणत, नेत्रशाळेत आल्या. रेणुकाबाईंनी विचारिले, 'माईसाहेब, कसं येणं केलंत?' माईसाहेब म्हणाल्या, 'सुताराचा काही इलाज आहे का तुमच्याकडे?' बाई म्हणाल्या, 'सुताराला काय झालं?' माईसाहेब म्हणाल्या, 'सुताराला काही नाही, आमच्या दिवाणखान्याच्या दाराला झालंय. हे म्हणतात चौकट मधे वाकली. सुतार आला, दोरी लावली, म्हणाला सरळ आहे. हे त्याच्यावर ओरडले. दुसऱ्यांदा आला, म्हणाला सरळच आहे. पुन्हा ओरडले. तिसऱ्यांदा आला तेव्हा बिचाऱ्याने रंधा मारला, आणि चांगली सरळ चौकट खरीखुरी वाकडी करून गेला. आता हे म्हणतात, हं, सरळ झाली. आणि चहा बशीत ओततात तो निम्मा बशीबाहेर. मी बोलले तर म्हणतात, बशी लहान आहे.'

रेणुकाबाईंच्या हातातील लेखणी थांबली. कारण सरळ रेघ मध्येच वाकडी दिसणे, हा राजधानीत पाणी शिरल्याचा निरोप असतो. पण निबंध त्यांचाच, त्यात रावसाहेबांचा पडदा स्वच्छ, आणि हुकूमही त्यांच्याच निबंधावरचा. मग म्हणाल्या, 'त्यांना इथे आणता येईल का?' माईसाहेब म्हणाल्या, 'डोळे दाखवायला नाही यायचे. फोटो काढायला म्हटलं तर अंघोळ करून येतील.' आणि तैसेच जाहले. रावसाहेब कोट घालून, मिशांस तेल लावून आले. बाईंनी या वेळी शास्त्राची रीत बाजूस ठेविली आणि आपल्या डोळ्यांनी, भिंगातून, बाहुलीच्या आत पाहिले. उजव्या डोळ्यात ठिपके राजधानीच्या दारापर्यंत आले होते आणि आत सूज होती. डाव्यात ठिपके बहुत, पण राजधानी अजून कोरडी. दत्तोबांनी फोटो काढिले. दुसरे दिवशी फोटो छापून आले, तो दोन्ही पडदे निर्मळ, एक ठिपका नाही.

बाईंनी भिंग लाविले. मग खिडकीपाशी नेऊन फोटो तिरपा धरिला, आणि कागदावर जागोजाग ब्लेडने खरवडल्याच्या बारीक खुणा आणि करड्या रंगाची टिंबे चमकली. त्यांनी हाक मारिली, 'दत्तोबा, काल मी रावसाहेबांच्या उजव्या डोळ्यात तेवीस ठिपके मोजले. ते कुठे गेले?' दत्तोबा म्हणाले, 'तेवीस नाही, सव्वीस. तीन अगदी कडेला होते, ते तुम्हांला दिसले नसतील. काढले मी.' बाई म्हणाल्या, 'काढले म्हणजे?' दत्तोबा म्हणाले, 'काढले म्हणजे काढले. काळे ब्लेडने खरवडले, पांढऱ्यांवर कुंचला ठेवला. बाई, मी तीस वर्षं नवऱ्यामुलींच्या तोंडावरचे देवीचे व्रण काढतोय, सासरच्यांना पत्ता लागला नाही. कारभाऱ्यांचा फोटो डागांसकट बाहेर कसा देऊ? लोक म्हणतील, गवंड्याचा हात बिघडला.'

बाई खुर्चीत बसल्या आणि हळूच म्हणाल्या, 'पहिल्यापासून?' दत्तोबा म्हणाले, 'पहिल्यापासून.' बाई म्हणाल्या, 'सगळ्यांचे?' दत्तोबा म्हणाले, 'सगळ्यांचे कसे जमतील, एवढे फोटो. माणूस बघून करायचं. मानकऱ्यांचे झाडून सगळे काढले. कारकुनांचे मोठे मोठे तेवढे काढले. मजुरांचे म्हटलं राहू दे, ते काही भिंतीला लावणार नाहीत.' इतके बोलून बाईंच्या चेहऱ्याकडे पाहिले आणि आवाज उतरला. म्हणाले, 'काही चुकलं का?'

बाळांनो, येथे रागावणे सोपे होते. पण बाईंच्या ध्यानी आले जे, तीन वर्षांत त्यांनी दत्तोबांस हसवू नका म्हणोन सांगितले, हलवू नका म्हणोन सांगितले, पण ठिपके कशासाठी मोजतो आहो हे एक वेळही सांगितले नव्हते. सांगितले नाही, तो दोष सांगणाऱ्याचा. मग त्यांनी दत्तोबांस समोर बसवून मामांच्या सुईपासून सर्व सांगितले. दत्तोबा ऐकत गेले, आणि मग आपल्या बोटांकडे पाहिले. म्हणाले, 'म्हणजे मी पुसले ते व्रण नव्हते. चिठ्ठ्या होत्या.' बाई म्हणाल्या, 'हो. आणि दोन वर्षांच्या चिठ्ठ्या गेल्या.' तेव्हा दत्तोबांनी मान वर केली आणि म्हणाले, 'गेल्या कशाने? मी पुसलं ते कागदावर. निगेटिव्हला कधी हात लावत नाही. आमच्या धंद्यात निगेटिव्ह फेकायची नसते, गिऱ्हाईक वीस वर्षांनी येऊन म्हणतं, सासूबाई गेल्या, त्यांचा मोठा फोटो करून द्या. सगळ्या बिस्किटांच्या डब्यांत आहेत. आकडे घालून.'

मग स्टुडिओच्या माळ्यावरून सतरा डबे उतरले, आणि एक महिना दिवसा दारे लावून सर्व फोटो पुन्हा छापिले, ब्लेड आणि कुंचला बाईंच्या टेबलाच्या खणात कुलुपात ठेविले. पुन्हा मोजणी जाहली. तो दिसोन आले जे, मजूर, कारकून, मानकरी, सर्वांचे पडदे सारखे. रोगास दरबारातील पायऱ्या ठाऊक नव्हत्या. एकसष्ट मानकऱ्यांपैकी एकवीस जणांचे ठिपके राजधानीजवळ येऊन ठेपले होते, आणि त्या सर्वांस तपासणी माफ होती. माईसाहेबांनी बाईंस सुचविले की, 'गुपचूप यांच्यापुरता इलाज करून टाका, निबंधाचं कोण विचारतंय.' बाई म्हणाल्या, 'मग बाकीच्या वीस जणांना कोण सांगणार, माईसाहेब? त्यांच्या दाराला सुतार बोलावणारं कुणी असेल की नाही, मला माहीत नाही.' आणि शालीची घडी करून, फोटोंचे बाड घेऊन, दत्तोबांस संगे घेऊन दरबारात गेल्या.

दरबार भरला होता. बाईंनी उभे राहून सांगितले जे, 'गेल्या वर्षी मी जे वाचून दाखवलं ते चूक होतं. तुपाचं तर फारच चूक होतं. मानकऱ्यांचे पडदे इतरांसारखेच आहेत आणि एकवीस जणांना लगेच इलाज पाहिजे. त्यात रावसाहेब आहेत.' दरबारात अशी कुजबुज उठली जशी गुरुजी वर्गाबाहेर गेल्यावर उठते. रावसाहेब कठोर होऊन म्हणाले, 'शाल घेताना बोललात ते खोटं, आणि आज बोलता ते खरं, हे आम्ही कशावरून धरायचं? पुढल्या वर्षी तिसरंच म्हणाल.' बाई म्हणाल्या, 'म्हणेन, तिसरं सापडलं तर.' एक सरदार म्हणाले, 'बाईंना वरच्या लोकांचं बरं बघवत नाही, असं दिसतं.' रावसाहेब म्हणाले, 'आमचे डोळे ठणठणीत आहेत. इथेच तपासा, सगळ्यांसमोर. आणि तपासून होईपर्यंत तुमचाच निबंध आम्ही तुम्हांला वाचून दाखवतो.'

बाईंनी डोळ्यांत औषध घातले, ज्याने बाहुली मोठी उघडते आणि आतले दिसते; मागे फोटोच्या वेळीही हेच घातले होते, पण तेव्हा रावसाहेब घरी जाऊन झोपत, वाचावयाची पाळी आली नव्हती. अर्धा तास गेला. रावसाहेबांनी निबंध हाती घेतला, खाकरले, आणि थांबले. कागद जवळ आणिला, लांब नेला, पुन्हा जवळ आणिला. अक्षरे सर्व पुसट होऊन एकमेकांत मिसळली होती. त्यांचा चेहरा उतरला, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा आवाज लहान जाहला. म्हणाले, 'दिसत नाही. काहीच वाचता येत नाही.' दत्तोबांनी बाईंच्या कानाशी तोंड नेऊन सांगितले, 'बाई, आता बोलू नका. घाबरले आहेत तेवढे राहू द्या. आपलं काम झालं.'

आणि काम खरेच जाहले होते. बाई नुसत्या उभ्या राहिल्या असत्या तरी रावसाहेब त्याच पावली लेझरच्या खोलीत गेले असते. पण बाई पुढे जाहल्या आणि म्हणाल्या, 'रावसाहेब, घाबरू नका. हे रोगाने नाही, मी घातलेल्या औषधाने झालंय. चार-पाच तास जवळचं दिसणार नाही, उजेड टोचेल, मग आपोआप उतरेल. हे मी आधी सांगायला हवं होतं.' दत्तोबांनी कपाळावर हात मारून घेतला.

रावसाहेबांनी निबंध खाली ठेविला. मग म्हणाले, 'बाई, आज दरबारात तुम्ही दोनदा आपल्याच विरुद्ध साक्ष दिलीत. एकदा निबंधाची आणि एकदा औषधाची. दुसऱ्या वेळी तर गप्प बसला असता तरी चाललं असतं.' बाई म्हणाल्या, 'चाललं असतं. पण तुमच्याशी खोटं बोलून फोटो काय, काहीच खरं दाखवता आलं नसतं.' रावसाहेब म्हणाले, 'गवंडे, तुझा फोटो दाखव. लांबचं दिसतंय मला.' दत्तोबांनी परातीएवढा मोठा करून छापलेला फोटो पंधरा पावलांवर धरिला. करड्या गोलावर झाडाच्या फांद्यांसारख्या नाड्या, आणि त्यांमध्ये काळे पांढरे ठिपके. रावसाहेब म्हणाले, 'हा कुणाचा?' दत्तोबा म्हणाले, 'आपलाच, सरकार. उजवा डोळा. सव्वीस आहेत. या वेळी एकही काढला नाही.' रावसाहेब म्हणाले, 'माझे किती फोटो काढलेस आजवर?' दत्तोबा म्हणाले, 'दोनशेच्या वर असतील.' रावसाहेब म्हणाले, 'नाही. हा पहिला.' आणि उठले, आणि तपासणीच्या माफीचा हुकूम सेवकाकडून मोठ्याने वाचून घेऊन, स्वतःस दिसत नसल्याने, चुकीच्या जागी सही करून रद्द केला.

मग लेझर जाहले. उजव्या डोळ्याची नजर थोडी गेली ती गेलीच, पण उरलेली टिकली, आणि डावा डोळा राजधानीसह वाचला. एकवीस मानकऱ्यांपैकी अठरा आले आणि वाचले, तिघे नाही आले, त्यांची नावे लिहीत नाही, कारण त्यांचे नातू याच शाळेत आहेत. तीन महिन्यांनी रावसाहेब पुन्हा तपासणीस आले आणि म्हणाले, 'सगळं बरं आहे, पण दिवाणखान्याची चौकट पुन्हा वाकडी दिसते. आणि मागे तर सरळ दिसत होती.' बाईंस वाटले, सूज परत आली की काय. पुन्हा पुन्हा पाहिले, पडदा कोरडा. मग स्वतः घरी जाऊन चौकटीस दोरी लाविली, तो चौकट खरोखरच दोन बोटे वाकडी होती. माईसाहेब म्हणाल्या, 'सांगितलं होतं की मी, सुताराने रंधा मारला म्हणून.' तेव्हा सर्वांस कळले जे, डोळा बरा जाहला, आता दार बरे करावयाचे राहिले.

निबंध बाईंनी मागे घेतला, आणि का घेतला तेही छापिले, नाव आणि तुपाची ओळ यांसह. परमुलखातील काही विद्वान हसले, काहींनी आपापल्या अंधाऱ्या खोल्या तपासून घेतल्या. शाल परत केली, ती कोणी घेईना, म्हणोन कॅमेऱ्याच्या खोलीच्या खिडकीस उजेड अडवावयास लाविली, आणि तेवढ्या कामास ती उत्तम निघाली. दत्तोबांस काढून टाकावे असे मानकऱ्यांचे म्हणणे पडले. बाई म्हणाल्या, ज्या माणसाने तीस वर्षे एकही डाग सुटू दिला नाही, त्याच्याइतका डाग पाहणारा मला राज्यात दुसरा दाखवा. मग दत्तोबांस ठिपके मोजण्याच्या कामावर बसविले. बाईंस तेवीस दिसत तेथे त्यांस सव्वीस दिसत. फोटो मात्र दुसऱ्याने छापावयाचे, ऐसा करार जाहला.

येणेप्रमाणे पुढील एकोणीस वर्षे दर वर्षी तेच डोळे पुन्हा काढिले. त्यावरून कोणता ठिपका किती वर्षांत किती सरकतो, साखर आणि रक्तदाब आवरल्यास किती थांबतो, आणि तक्रार करण्यास माणूस येतो तेव्हा शत्रू किती आधीपासून आत असतो, हे सर्व बाईंनी लिहिले. शके १९३७, मन्मथनाम संवत्सरी त्या निवृत्त जाहल्या तेव्हा राज्यात साखरेचा रोगी म्हटला की वर्षातून एकदा डोळ्यांत औषध घालून पडदा दाखविणे ही चालच पडली होती. मामा शिंपी तोवर राहिले नव्हते. त्यांची मशीन बाईंच्या दिवाणखान्यात आहे, सुईत दोरा ओवलेला.

आणि दरबारच्या भिंतीवर आठवा खिळा होता, तेथे रावसाहेबांनी आपली तसबीर लाविली नाही. तो सव्वीस ठिपक्यांचा फोटो लाविला, खाली नाव घालून. खेड्यातील माणसे दरबारात येतात, सात मिशाळ कारभाऱ्यांस मुजरा करितात, आणि आठव्यापाशी आले की चंद्र समजून हात जोडितात. दत्तोबा होते तोवर तेथे उभे राहून सांगत, 'चंद्र नाही, कारभारी आहेत. या भिंतीवर एवढा एकच हुबेहूब आहे.'

सारांश ऐसा जे, शत्रू मुकाट्याने आला, दत्तोबांनी मान राखावयास त्याच्या खुणा पुसल्या, बाईंनी आपली चूक आपण सांगितली, आणि कारभाऱ्यांचा एक डोळा पुरा, दुसरा थोडा उणा राहिला. आता आज्ञा करणाऱ्यांनी आज घरी जावे आणि वडीलधाऱ्यांपैकी ज्यास साखर असेल त्यास पुसावे, 'पडदा शेवटचा कधी दाखवलात?' उत्तर 'मला दिसतंय की' ऐसे आले, तर त्यांस धरून बसवावे, आणि ही हकीकत पहिल्यापासून मोठ्याने वाचून दाखवावी. तरीही न ऐकल्यास दाराची चौकट सरळ दिसते काय, ते विचारावे.